मुलींचीच तर टीम आहे

कॉलेज कुठलंही असो, जिमखान्याची खोली मागच्या बाजूलाच सापडते. आमची खोली सायकल स्टँड आणि जनरेटर यांच्या मधे होती. दार उघडलं की रबर, घाम आणि दुखण्यावर चोळायचं मलम यांचा मिळून एक वास यायचा. नवीन आलेले प्राध्यापक नाकाला रुमाल लावायचे. मला मात्र सुट्टीनंतर त्या वासानंच कामावर आल्यासारखं वाटायचं. गेल्या वर्षी मी तिथून निवृत्त झाले. माझं माहेर कराडकडचं. लग्नानंतर नवी मुंबईत आले आणि इथल्याच एका कॉलेजात खेळाची शिक्षिका म्हणून लागले ती शेवटपर्यंत तिथेच राहिले. मुलं ‘जाधव मॅडम’ म्हणायची आणि पाठीमागे ‘शिट्टी’.

लोकांना वाटतं, खेळाच्या शिक्षकाला काम काय? शिट्टी वाजवायची आणि सावली बघून उभं राहायचं. खरं म्हणजे अर्ध्याहून जास्त काम मैदानाबाहेरचं असतं. मुलीच्या घरी जाऊन वडिलांना पटवणं, प्राध्यापकांच्या पाया पडून हजेरी मिळवणं, बाहेरगावच्या स्पर्धेत मुलींना बरी खोली आणि कडी लागणारं बाथरूम मिळवून देणं, पंचांशी भांडणं आणि भांडून झाल्यावर त्यांनाच चहा पाजणं. सगळ्यात कठीण काम म्हणजे खेळायला आतुर झालेल्या पोरीला ‘आज तू बसायचं’ असं सांगणं. घोटा सुजलाय, गुडघा कुरकुरतोय आणि ती म्हणते, ‘मॅडम, काही होत नाही, खेळते.’ अशा वेळी तिला बाहेर बसवणं म्हणजेच कोचिंग, असं मी मानते. खेळायला लावणं कोणालाही जमतं.

पालकांचे नमुने तर किती सांगू! सीवूड्सच्या एका टॉवरमधले गृहस्थ एकदा प्रिन्सिपॉलना न भेटता थेट माझ्याकडे आले. म्हणाले, “मॅडम, मुलगी काळी पडतेय. प्रॅक्टिस इनडोअर नाही का ठेवता येणार?” मी म्हटलं, “कबड्डीचं मैदान तुमच्या हॉलमध्ये मावत असेल तर आणते सगळ्यांना.” ते गंभीरपणे म्हणाले, “सोसायटी परवानगी देणार नाही.” मुलगी मात्र पुढे तीन वर्षं आमच्याकडून खेळली आणि तेच गृहस्थ प्रत्येक मॅचला छत्री घेऊन सगळ्यात पुढे. ओरडायला लागले की पंच दचकायचे.

अशा गमती खूप आहेत. पण आज मला एकच गोष्ट सांगायची आहे, कारण निरोप समारंभात सगळ्यांनी तेवढीच सोडून बाकी सगळं सांगितलं.

सायली म्हात्रे आमच्याकडे मुलींच्या कबड्डीची कोच होती. तळवलीची सून. स्वतः विद्यापीठाकडून खेळलेली, शिकवण्याचा रीतसर कोर्स केलेली. बुटकी, रुंद खांद्यांची, आवाज असा की सर्व्हिस रोडवरचा रिक्षावाला वळून बघेल. ती करारावर होती. करार अकरा महिन्यांचा, मग थोडा खंड, मग पुन्हा अकरा महिने. आमच्याकडे मुलांचे कोच असेच होते, पण त्यांचा खंड नुसता कागदावर असायचा. सायली आल्यापासून आमची मुलींची टीम, जी पहिल्याच फेरीत हरून वडापाव खाऊन घरी यायची, ती विभागाच्या फायनलपर्यंत जायला लागली. टीमचा कणा होती करावे गावची निकिता. डावा कोपरा सांभाळायची. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा तिनं पकडला की सुटायचं नावच नको. तिचे वडील अजून खाडीत होडी घालतात. ती हसत म्हणायची, “मॅडम, निसटणारं पकडाची सवय घरातनंच हाय.”

सायलीला दिवस गेले तेव्हा तिनं आधी मला सांगितलं, नंतर प्रिन्सिपॉलना. तिनं सगळी आखणी केली होती. शेवटचे महिने ती उडी-पकड काही करणार नव्हती, उभं राहून शिकवणार होती. बाळंतपणाच्या रजेत मी सराव घेणार आणि मग ती परत येणार. कंत्राटी बाईलाही बाळंतपणाची रजा कायद्यानं मिळते. यात कोणाला काही अडचण असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

त्याच आठवड्यात प्रिन्सिपॉलनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते मूळचे वाईट नव्हते. वरून, म्हणजे संस्थेच्या सेक्रेटरींकडून, फोन आला की त्यांचं मत बदलायचं, एवढंच.

“मॅडम, सायलीच्या कामाबद्दल जिमखान्याचं मत जरा... समाधानकारक नाही, असं देता येईल का?”

“टीम फायनलला गेली सर.”

“ते झालंच हो. पण आता तिची अवस्था... उद्या मैदानावर काही झालं तर जबाबदारी कोणाची? सेक्रेटरीसाहेबांना तिचीच काळजी आहे.”

“काळजी आहे तर रजा द्या. खोटं मत मी देणार नाही.”

ते पेन फिरवत राहिले. म्हणाले, “तुमची रिटायरमेंट जवळ आली मॅडम. कशाला टेन्शन घेता?”

करार संपला आणि सायलीला पुढचा मिळाला नाही. मी जाब विचारायला गेले तर मला एक नवीनच मराठी ऐकायला मिळाली. प्रिन्सिपॉल म्हणाले, “काढलं कुठे? काढलं नाही हो, घेतलं नाही.”

तिच्या जागी गौरव आला. संस्थेच्या सेक्रेटरींचा पुतण्या. उलव्याला त्याची स्वतःची व्यायामशाळा होती, दंड असे की टी-शर्टच्या बाह्या रडायच्या. स्वभावानं अगदी भला पोरगा. पहिल्या दिवशी माझ्या पाया पडला. पण कबड्डीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. मी मैदानावर राहीन तर सांभाळून घेईन, असं मला वाटलं होतं. तर मला परीक्षा विभागाच्या मदतीला तळमजल्यावर बसवण्यात आलं. खोटं मत न दिल्याचं ते बक्षीस होतं. मैदानाकडे मी जायचेच, पण जाईपर्यंत सराव संपत आलेला असायचा.

गौरवनं त्याला येत होतं ते शिकवलं. खांद्यावर वजन घेऊन बैठका, उड्या, पुन्हा बैठका, आणि त्यावर लगेच पूर्ण मॅच. निकिताचा गुडघा चार दिवस सुजत होता. सायली असती तर तिला बाहेर बसवून बर्फ लावला असता आणि वर दोन शिव्या दिल्या असत्या. निकिता म्हणाली, “सर, काही होत नाही, खेळते.” आणि गौरव म्हणाला, “शाब्बास, हेच स्पिरिट पाहिजे.”

एक दिवस मी काम संपवून पोचले तेव्हा मैदानावर गोल जमला होता. पकड करताना पाय तसाच रोवलेला राहिला आणि अंग फिरलं. निकिता रडत नव्हती. ती दोन्ही हातांनी गुडघा धरून म्हणत होती, “आवाज आला मॅडम. आतून आवाज आला.” गौरव बाजूला पांढराफटक पडून उभा होता.

गुडघ्याचा लिगामेंट पूर्ण तुटला होता. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालेल, जिने चढेल, उद्या संसार करेल. कबड्डी विसरा.

त्या दिवशी हॉस्पिटलमधून मी घरी गेलेच नाही, थेट तळवलीला सायलीकडे गेले. तिला तेव्हा आठवा महिना लागला होता. मी निकिताचं सांगितलं तशी ती भिंतीला टेकून खालीच बसली. मग म्हणाली, “मॅडम, माझ्या नोकरीचं मी सोडून दिलं होतं. म्हटलं, जाऊ दे, बाळाचं बघू. पण आता नाही सोडणार.”

आम्ही विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे तक्रार केली. अर्जदार सायली, साक्षीदार मी. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. माझ्याबरोबर रोज डबा खाणाऱ्या एक बाई एकदा जिन्यात भेटल्या आणि कुजबुजल्या, “तुमचं बरोबर आहे हो, पण माझं नाव कुठे घेऊ नका.” मी म्हटलं, “तुमचं नाव घ्यायला तुम्ही काही केलंय कुठे?” त्या रागावल्या. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

सायलीला मुलगा झाला. सुनावणीची तारीख जवळ आली तसं संस्थेच्या ऑफिसातून आम्हा दोघींना बोलावणं आलं. सेक्रेटरीसाहेब स्वतः दारापर्यंत आले. माणूस गोड बोलणारा. बर्फी मागवली, बाळाची चौकशी केली.

“हे बघा, आपलं कॉलेज म्हणजे एक कुटुंब आहे. सायली मॅडमना आपण जूनपासून परत घेतोय. फक्त ती तक्रार तेवढी मागे घ्या. कोणी केलं, का केलं, त्यात पडायला नको.”

सायली म्हणाली, “आणि निकिता?”

“त्या मुलीचं वाईट झालं. खेळात होतं असं.”

बाहेर आल्यावर आम्ही रिक्षा केली. मी तिला काहीच सुचवलं नाही. माझी पेन्शन पक्की होती, तिची नोकरी नव्हती. तिचा नवरा ठाणे-बेलापूर रोडच्या एका कारखान्यात होता, तोही कंत्राटीच. धाडस करायचा सल्ला देणं मला सोपं होतं.

घरी तिची सासू बाळाला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. मला वाटलं, आता ही म्हणणार, मिळतंय ते घे. घराघरांतून मी तेच ऐकत आले होते. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते तुला परत घेतान म्हंजे काय, उपकार करतान?”

“तसंच बोलत होते आई.”

“तू चोरी केली व्हती?”

“नाही.”

“मंग चुकला कोन, ते तेच्या तोंडानं नको सांगाला? ह्या शहरासाठी आमची शेती गेली तवा पन असंच बोलले. झाला ते झाला, आता इसरा. आमी इसरलो. काय मिलला?” मग बाळाकडे बघून म्हणाली, “याला मी राखतंय. तू जा.”

सायलीनं डोळे पुसले आणि मला म्हणाली, “मॅडम, मला नोकरी पण पाहिजे आणि उत्तर पण पाहिजे. दोन्ही माझंच आहे.”

सुनावणीच्या आधी मी एक काम केलं. उलव्याला गौरवच्या व्यायामशाळेत गेले. मोठमोठ्यानं गाणी लागलेली, आरशांसमोर पोरं वजनं उचलतायत. मला बघून त्यानं गाणी बंद केली आणि स्टूल पुसून दिलं. तो त्या अपघातानंतर कॉलेजात फिरकला नव्हता.

“मॅडम, मला झोप नाही लागत. आईशप्पथ. ती बोलली खेळते, मला वाटलं...”

“तुला माहीत नव्हतं. ते कळतं मला. पण तुला माहीत नाही हे कोणाला माहीत होतं?”

तो खाली बघायला लागला. “काका आहेत ते माझे. या जागेचं डिपॉझिट त्यांनी भरलंय.”

“काकांविरुद्ध बोल असं मी म्हणत नाही. तुझं त्यांच्याशी काय बोलणं झालं होतं, एवढंच बोल. तेही तुला वाटलं तर.”

मी सुनावणीची तारीख सांगून उठले, तो दारापर्यंत सोडायला आला. मी परत आले. खरं सांगायचं तर तो येईल अशी मला आशा नव्हती.

सुनावणीला समितीच्या अध्यक्ष म्हणून एक ज्येष्ठ प्राध्यापिका होत्या. बारीक आवाजाच्या, पण प्रश्न सोडायच्या नाहीत. त्यांचा प्रश्न साधा होता. सायली म्हात्रे यांना पुढचा करार न देण्याचा निर्णय कोणी घेतला?

आपल्या भाषेत कर्ता गाळायची सोय किती आहे, ते मला त्या दिवशी कळलं. प्रिन्सिपॉल म्हणाले, “नूतनीकरण होऊ शकलं नाही.” सेक्रेटरी म्हणाले, “स्थानिक पातळीवर तसा विचार झाला असावा.” प्रिन्सिपॉल म्हणाले, “वरून सूचना आली.” सेक्रेटरी म्हणाले, “जिमखान्याकडून शिफारस आली नाही.” मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी केबिनमधलं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. प्रिन्सिपॉलनी ते नाकारलं नाही. ते फक्त म्हणाले, “मॅडमचा गैरसमज झाला.”

आणि तेवढ्यात दार ढकलून गौरव आत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा झाला.

अध्यक्ष मॅडमनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

“मी काकांना बोललो होतो, मला कबड्डी येत नाही. मी बॉडीबिल्डिंगचा माणूस आहे. जमणार नाही.”

“मग ते काय म्हणाले?”

गौरवनं हेल्मेट टेबलावर ठेवलं. “ते बोलले, तू नुसता उभा राहा. मुलींचीच तर टीम आहे.”

सायली सरळ समोर बघत होती. मी इतकी वर्षं हे वाक्य ऐकत आले होते. मैदान मागितलं की, नवे बूट मागितले की, बस मागितली की. कोणी हसत म्हणायचं, कोणी कळवळून. पण ते असं एका माणसाच्या नावावर, त्याच्या तोंडासमोर ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

अध्यक्ष मॅडमनी पुन्हा विचारलं, “निर्णय कोणाचा?”

सेक्रेटरी म्हणाले, “संस्थेकडून चूक झाली असेल, तर संस्था दिलगीर आहे.”

तिथेही कर्ता नव्हताच. पण निकाल आमच्या बाजूनं लागला. सायलीला खंड न धरता कामावर घ्यायचं आणि रजेसह घ्यायचं. कंत्राटी बायकांनाही बाळंतपणाची रजा मिळेल, हे संस्थेनं सगळ्यांना कळवायचं. निकिताच्या उपचारांचा भार संस्थेनं उचलायचा. सेक्रेटरींनी नेमणुकांच्या कामातून बाजूला व्हायचं. प्रिन्सिपॉलना समज मिळाली. मला पुन्हा माझी वासाची खोली मिळाली.

सायली परत आली. पहिल्या दिवशी सासू बाळाला घेऊन मैदानाच्या कडेला बसली आणि पोरींच्या पकडी बघून “आगं, पाय धर तिचा, पाय!” म्हणून ओरडत होती. टीमला पुन्हा उभं राहायला वेळ लागला. त्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. हरल्यावर सायली पोरींना वडापाव खाऊ देत नाही, सरळ मैदानात आणते. निवृत्त होताना माझी जागा तिला मिळावी म्हणून मी पुष्कळ खटपट केली, ती मिळाली नाही. तिच्यावर एक साहेब आलेत. ती म्हणते, “असू दे मॅडम, त्यांना पण प्रश्न विचारता येतात.” गौरवचं आणि काकांचं काही महिने बोलणं बंद होतं. व्यायामशाळा मात्र चालू आहे. सायली तिथे जाऊन त्याच्याकडून वजनांचं शिकली आणि गुडघा कुरकुरला की पोराला कधी थांबवायचं ते तिनं त्याला शिकवलं.

निकिताला तिचा खेळ मात्र कोणाला परत देता आला नाही. ही रुखरुख जन्माची.

समितीनं सेक्रेटरींना अजून एक गोष्ट सांगितली होती, की त्या मुलीच्या घरी जाऊन तिला भेटा. त्यांनी ते बरेच दिवस टाळलं. मी दर सोमवारी ऑफिसात जाऊन विचारायचे, “साहेब, कराव्याला कधी जायचं?” शिपाईसुद्धा मला बघून हसायला लागला होता. शेवटी एका सोमवारी ते म्हणाले, “चला.”

करावे गावातली गल्ली अरुंद, त्यांची गाडी तलावापाशीच ठेवावी लागली. आम्ही चालत गेलो. निकिताचे वडील दारात जाळं दुरुस्त करत होते. ते उठले, खुर्ची पुढे केली, आत चहा सांगितला. निकिता बाहेर आली. तेव्हा तिला थोडं लंगडावं लागायचं. ती बसली नाही, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

सेक्रेटरी खुर्चीवर न बसता उभेच राहिले. म्हणाले, “बाळा, चूक झाली.”

निकितानं विचारलं, “कुनाची?”

तिच्या आवाजात राग नव्हता. पंचाला निर्णय विचारावा तसं तिनं विचारलं. वडिलांचा हात जाळ्यावर थांबला. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही.

“माझी,” ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, “माझी चूक झाली.”

निकितानं मान हलवली. खुर्ची थोडी सावलीत सरकवली आणि म्हणाली, “बसा. चहा येतोय.”